पाण्याखालची चिंच

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला जमणाऱ्या कुणालाही विचारा, माझ्या जावयाची गोष्ट त्याला ठाऊक असते. धोंड्याच्या महिन्यात पठ्ठ्या सासुरवाडीला गेला, नवे कपडे घालून धरणात फिरायला निघाला, अंधारात मोबाईलवर फोटो काढायला बोटीत उभा राहिला आणि पाण्यात पडला. ही गोष्ट त्याचे वडीलच सांगतात. माझे व्याही हळदीचे अडते, बोलणं हाच त्यांचा धंदा. गोष्ट रंगवायला त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. "आमचं चिरंजीव," ते म्हणतात, "रस्त्यानं नीट चालत न्हाईत, आन बोटीत उभं ऱ्हायलं." मग सगळे हसतात. जावईही हसतो. मी बहुतेक वेळा समोरच बसलेलो असतो, आणि मीही हसतो.

तो फोटो काढायला उभा राहिला नव्हता. मी त्याला उठायला सांगितलं होतं.

हे दोनच माणसांना ठाऊक होतं, त्याला आणि मला. तो बोलला नाही आणि मीही बोललो नाही. पण त्याचं न बोलणं वेगळं आणि माझं वेगळं. माझ्या मुलीनं मात्र ती गोष्ट खरी धरली, आणि तिच्यावरच नवऱ्याची किंमत ठरवली. गोष्टीत नुसतं हसणंच असतं तर मी कदाचित मरेपर्यंत गप्प राहिलो असतो. तेवढा गप्प बसायचा सराव मला आहे.

आमचं गाव साताऱ्याच्या पश्चिमेला, धरणाच्या काठावर. म्हणजे आत्ताचं गाव. जुनं गाव पाण्यात गेलं तेव्हा अर्धी घरं कोरेगावकडं मिळालेल्या जमिनींवर गेली आणि अर्धी आमच्यासारखी डोंगराच्या अंगाला वर सरकली. माझा जन्म वरचाच. तरी जुन्या गावाचा नकाशा मला पाठ आहे, कारण दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते थोडं थोडं वर येतं. आधी झाडांचे शेंडे, मग देवळाचा चौथरा, मग घरांची जोती. झाडं कधीच वठलेली, पण पडत नाहीत. पाण्यात राहून काळी आणि लोखंडासारखी झालेली. देवळापुढची चिंच त्यातली सगळ्यात मोठी. उन्हाळ्याच्या मध्यावर तिच्या शेंड्याचं दुबेळकं, दोन मोडक्या फांद्यांची बेचकी, पाण्याखाली हातभर अंतरावर येतं, पण वर काही दिसत नाही. तोच काळ वाईट.

मी सहा माणसांची फायबरची बोट घेतली होती, मागं पेट्रोलचं इंजिन लावलेली. शनिवार-रविवारी पुण्या-साताऱ्याची माणसं यायची. धंदा बरा चालला होता. चिंचेवर खूण म्हणून मी एक निळा प्लॅस्टिकचा कॅन दोरीनं बांधून तरंगत ठेवला होता. दिवसा तो लांबून दिसायचा. रात्री दिसेल का, हा विचार मी कधी केला नाही, कारण रात्री बोट सुटतच नव्हती. धक्क्यावर पाटी होती, माझ्याच हातानं रंगवलेली: 'सूर्य मावळल्यावर बोट सोडली जाणार नाही. कुणीही आग्रह करू नये.' दुसरं वाक्य मी मुद्दाम घातलं होतं. आग्रहापुढं आपलं काही चालत नाही, हे मला स्वतःबद्दल माहीत होतं.

लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना. ज्येष्ठ महिना दोनदा आलेला, म्हणजे भर उन्हाळा. या महिन्यात जावयाला घरी बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, कपडे करायचे, ताटात अनारसे आणि दिवा ठेवून वाण द्यायचं. त्या दिवशी जावई म्हणजे देव. देवाला कुणी नाही म्हणत नाही, हे आमच्याकडं सांगावं लागत नाही. तोंडातनं तो शब्द निघतच नाही.

पाव्हणे दुपारच्या जेवणाला यायचे होते. कराडला रस्त्याच्या कामात गाडी अडकली आणि ते पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पाय धुणं, ओवाळणं, कपडे, जेवण, सगळं दोन तासांनी पुढं सरकलं. जेवून उठलो तेव्हा डोंगराआड दिवस गेलेला. व्याही सुपारी कातरत ओसरीवर आले आणि म्हणाले,

"बोट तुमची, धरान तुमचं, आन आमी तसंच माघारी जायाचं व्हय?"

माझी बायको आतनं म्हणाली, "आवं, दिवस बुडला. सकाळच्याला न्या."

"सकाळी सौदं हायती, विहीणबाई. आमी कृष्णंकाठची मानसं, पान्याला भेत न्हाई. पुरात पवून शाळंला गेलोय."

ते खोटं नव्हतं. पण नदी पोहलेल्या माणसाला धरणाचं पाणी कळत नाही. नदी वाहते, माणसाला कुठंतरी काठाला नेऊन घालते. धरणाचं पाणी कुठं जात नाही, आणि त्याच्या पोटात काय आहे ते वरनं दिसत नाही. हे मी दर रविवारी पर्यटकांना सांगायचो. व्याह्यांना सांगितलं नाही. मी जावयाकडं बघितलं. तो म्हणाला, "उशीर झालाय मामा, राहू द्या वाटलं तर." एवढ्यावर मला सुटता आलं असतं. पण माझ्यातल्या सासऱ्यानं त्याचा अर्थ वेगळाच लावला: पोरगं भिडस्त आहे, मनातनं जायचंय. मी म्हणालो, "उशीर कसला? एक चक्कर मारू."

मुलीला तेव्हा पाचवा महिना होता, ती येणार नव्हतीच. तिनं ओसरीवरनं हाक मारली, "आण्णा, जाकिटं तरी घाला त्यास्नी."

धक्क्यावरच्या पत्र्याच्या खोलीत जाकिटं टांगलेली होती. जावयानं स्वतः एक काढलं. हे मला लिहिलंच पाहिजे. त्यानं ते हातात घेतलं आणि मला विचारलं, "मामा, घालू ना?"

ती जाकिटं शेकडो माणसांनी घातलेली, ओली राहून शेवाळाचा वास मारणारी. त्याच्या अंगावर आम्ही घेतलेला पांढरा शर्ट होता, अजून घडी न मोडलेला. कपाळाला कुंकू. मला त्या वासाची लाज वाटली. मी म्हणालो, "ऱ्हाऊ द्या. नव्या कपड्याला वास लागंल. हितंच तर जायाचंय."

त्यानं जाकिट परत खुंटीला अडकवलं.

बोटीत एक जाकिट होतं. माझ्या बसायच्या फळीवर. फळी टोचते म्हणून मी ते कायम बुडाखाली घ्यायचो.

व्याही पुढं नाकाशी बसले, जावई मधल्या फळीवर, मी मागं इंजिनाशी. पाण्यावर थोडा उजेड शिल्लक होता. व्याह्यांना देऊळ कुठं होतं ते बघायचं होतं, आणि मलाही दाखवायचं होतं. खरं सांगायचं तर मिरवायचं होतं. सांगलीत त्यांचं तीन मजली घर, आणि माझं गाव पाण्याखाली. पण गाव होतं, हे तरी दाखवावं. मी बोट हळू केली आणि दाखवत गेलो, हा पार, ही चावडी, इथनं वरच्या आळीला वाट जायची. "मंजी आपण आत्ता तुमच्या आळीतनं चाललोय," व्याही म्हणाले, "चपला काढू का?" आम्ही तिघंही हसलो. तेवढ्यात डोंगरावरनं वारा सुटला. वळवाचा वारा, आधी गार झुळूक आणि मग एकदम रेटा. आणि काठावरचे सगळे दिवे गेले.

मी त्या दिव्यांच्या आधारानं चाललो होतो. आमच्या ओसरीचा दिवा, शाळेचा दिवा, दोन्हींच्या मधनं धक्का. तेवढी दोन टिंबं पुसली गेली आणि मग कुठली बाजू कुठं, हे मला कळेना झालं. इतकी वर्षं त्या पाण्यावर काढलेला माणूस मी. व्याह्यांनी मोबाईलची बत्ती लावली. त्यानं उलट झालं. हातभर पाणी पांढरं दिसायला लागलं आणि त्याच्या पुढचं सगळं नाहीसं झालं. "बंद करा जरा," असं मी म्हणायला पाहिजे होतं. "असू द्या असू द्या," म्हणालो. जावयानंही बत्ती लावली, मला मदत म्हणून.

बोट वळवली, आणि कॅन बोटीच्या अंगाला खडखडला.

तो आवाज मी अजून झोपेत ऐकतो. कॅन म्हणजे चिंच. इंजिन मागं ओढायच्या आत बोट पुढनं वर चढली, कुरकुरली आणि अडकली. नाक दुबेळक्यात, मागची बाजू खाली. वारा आडवा, लाटा मागनं आत यायला लागल्या. इंजिन उलटं फिरवलं तर पंख्यात काहीतरी गुंतलं आणि ते बंद पडलं.

"काय झालं?" व्याही विचारत होते.

"काय न्हाई. जरा टेकलीया."

नाक मोकळं करायचं तर पुढचा भार मागं आणायला पाहिजे. लहान बोटीत कुणी उभं राहायचं नसतं, हा पहिला नियम. पर्यटक असता तर मी ओरडलो असतो, "उठू नका! बसल्या बसल्या ढुंगणावर सरका!" रोज ओरडायचो. साहेबांवर, बायकांवर, कुणावरही. पण माझ्याजवळ, मधल्या फळीवर जावई होता; आधी त्यालाच मागं घ्यायला पाहिजे होतं. धोंड्याचा जावई, कपाळाला कुंकू लावलेला. त्याला ढुंगणावर सरका म्हणायचं कसं? माझ्या तोंडातनं जे निघालं ते असं:

"जावईबापू, जरा उठून हिकडं येता का?"

ओसरीवर पाटाकडं बोलवावं तसं. आणि तसं बोलावल्यावर माणूस जसा उठतो तसा तो उठला. नीट, मानानं, हातात पेटता मोबाईल घेऊन.

लाट आली की बोट सरकली, मला माहीत नाही. तो दिसत होता आणि मग नव्हता. फार आवाजही झाला नाही. मोबाईल त्याच्या हातनं सुटला आणि बत्तीसकट खाली गेला. बराच खाली जाईपर्यंत ती पेटलेली होती. तेवढ्या वेळात आजोबांच्या तोंडनं ऐकलेली ती चिंच मला आतनं उजळलेली दिसली, फांद्या न् फांद्या, आणि त्यांच्यात त्याचा पांढरा शर्ट. मग तेही गेलं.

व्याही नाकाशी, पाठ आमच्याकडं. वळून बघेपर्यंत सगळं झालेलं. त्यांनी पाण्यात बुडणारा उजेड तेवढा बघितला. "फोटू काढत हुता का रं?" ते ओरडले. "आरं कुठं हाईस?"

तो वर आला. एका फांदीला धरून, मानेएवढ्या पाण्यात, बोटीपासून दोन हातांवर. एक पाय खालच्या दुसऱ्या दुबेळक्यात अडकलेला.

मी पोहणारा माणूस आहे. त्या पाण्यात मी मोठा झालो. मी उडी मारली नाही. खाली काय आहे ते मला ठाऊक होतं, म्हणूनच मारली नाही. आणि आत्तापर्यंत कुणालाच न सांगितलेलं सांगतो. मला जाकिटाची आठवण लगेच झाली. मी ते बुडाखालनं ओढून काढलं. आणि काढल्यावर त्याच्या पट्ट्यात आधी माझा हात घातला. माझा. बोट आता उलटणार असं मला वाटलं. पाण्यात कोण आहे, त्याच्या घरात कोण वाट बघतंय, माझ्या मुलीच्या पोटात काय आहे, यातलं काही त्या घटकेला माझ्या डोक्यात नव्हतं.

"मामा," तो म्हणाला, "मी धरलंय. तुम्ही हलू नका, बोट पालथी होईल."

त्यानं सांगितलं आणि मी हललो नाही. मग थोड्या वेळानं जाकिट त्याच्याकडं टाकलं. किती वेळानं, हे मला खरंच सांगता येणार नाही. वारा पडल्यावर, एवढं आठवतं.

पुढचा वेळ आम्ही तिघं तसेच होतो. बोट झाडावर, जावई झाडात, व्याही नाकाशी मोठमोठ्यानं देवाचं नाव घेत. फोन लागत नव्हता. ओरडलं तर आवाज डोंगरावर आपटून आमच्याकडंच परत यायचा. मी लाकडासारखा बसून होतो, कारण जरा कलंडलो तरी बोट हलायची आणि फांदीवरचा त्याचा हात चेंगरायचा. इतकं सगळं पाणी, एवढं मोकळं आभाळ, आणि हलायला जागा नाही. मी कोंडला गेलो असं आयुष्यात एकदाच म्हणू शकतो, आणि तेही उघड्यावर.

त्याचे दात वाजत होते. मधेच त्यानं विचारलं, "मामा, हे झाड कसलं?"

"चिंच हाय. देवळाम्होरली."

"मोठी होती?"

"आमचं आजं सांगायचं, सगळं गाव सावलीला बसायचं."

"अजून बसलंय की," तो म्हणाला. मग, "घरात एकदम सांगू नका. तिला धक्का बसेल."

माझ्या बायकोनं दिवे गेल्यावर वाट बघितली आणि खाली मासे धरणाऱ्यांच्या वस्तीवर जाऊन तिथल्या दोघा भावांना उठवलं. ते पत्र्याच्या होडीतनं आले. त्यांनी कोयत्यानं विजार फाडून त्याचा पाय मोकळा केला. घोटा मोडला होता. साताऱ्याच्या दवाखान्यात पहाटे डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं?" व्याही पुढं झाले. "फोटू काढाय उभा ऱ्हायला, सायेब. आजकालची पोरं."

खाटेवरनं जावयानं माझ्याकडं बघितलं. मी सलाईनच्या बाटलीकडं बघितलं.

ती एक घटका होती. "तसं न्हाई, म्याच उठवलं," एवढंच बोलायचं होतं. बोललो नाही. मनाशी म्हणालो, बोटीची परवानगी जाईल. पुढच्या वर्षी बोट मी स्वतःच विकून टाकली, म्हणजे परवानगीचं कारण काही खरं नव्हतं. लोकांना सांगितलं, धंद्यात राम राहिला नाही.

नात झाली. जावई घोट्यात स्टीलची पट्टी बसवून अडतीवर जायला लागला. आजही तो जिना उतरताना कठड्याला धरतो. आणि गोष्ट सांगलीभर फिरली.

मग एका पावसाळ्यात सांगलीत पाणी शिरलं. त्यांच्या घराचा खालचा मजला बुडाला, वरच्या मजल्याच्या खिडकीशी बचावाची बोट आली. नंतर मुलीनं मला फोनवर सगळं सांगितलं. "आण्णा, बोटीत हे आधी उतरले आणि बाळाला घ्यायला हात वर केले. मी म्हटलं, तुमच्या हातात न्हाई. बोटीतल्या एका परक्या माणसाकडं दिली. ह्यास्नी काय, बोटीत उभं ऱ्हायची सवय हाय." ती हसत होती. मी म्हणालो, "बरं केलंस." का म्हणालो? फोनवर काहीतरी म्हणावं लागतं म्हणून.

तो बोटीत उभा असेल, हात वर करून, आणि बायकोनं पोर त्याच्यावरनं पलीकडं दिली असेल. मी हे चित्र कितीदा बघितलंय, देव जाणे.

पुढंही तेच. कृष्णेच्या घाटावर सांगलीची पोरं उन्हाळ्यात पोहायला शिकतात, बाप कंबरेला दोर बांधून शिकवतात. नात सात वर्षांची झाली तरी पाण्याला शिवलेली नाही. "मी शिकवतो," जावई म्हणायचा. "तुमी?" मुलगी म्हणायची. बास, तेवढाच शब्द. बाप असून त्या घरात पाण्याच्या बाबतीत त्याला पोरीइतकंही मत नव्हतं, आणि ते मी घालवलेलं होतं.

मधे धोंड्याचा महिना दोनदा येऊन गेला. एकदा साथीचं निमित्त झालं, एकदा माझ्या गुडघ्याचं. यंदा पुन्हा ज्येष्ठच दोनदा आला. बायको म्हणाली, "जावई काय आता म्हातारा झाल्यावर बोलवायचा? पाव्हण्यांनी काय पाप केलंय?" मी म्हणालो, "बोलव."

या खेपेला ते वेळेत आले. पाट मांडले, ओवाळलं, धोंडे वाढले. शेजारचा एक जण व्याह्यांना भेटायला आला आणि व्याह्यांनी हात धुवायच्या आतच गोष्ट काढली. तीच, 'चपला काढू का?' इथनं सुरू झालेली. "आन बघतोय तर काय, चिरंजीव फोटू काढाय उभं!" शेजारी हसला. मुलगी वाढता वाढता म्हणाली, "त्यात काय नवं? घरी पन तसंच."

नातीनं घास तोंडात धरून बापाला विचारलं, "पप्पा, तू का उभा राहिलास?"

जावई म्हणाला, "येडा होतो म्हणून."

मी त्याच्या हातावर पाणी घालायला तांब्या घेऊन उभा होतो. ही आमची रीत, सासऱ्यानं जावयाच्या हातावर पाणी घालायचं. मी म्हणालो, "येडा न्हवता. म्या उठवला त्याला."

कुणाला कळलंच नाही. व्याही म्हणाले, "काय म्हणता?"

"फोटू न्हवता काढत. बोट चिंचंवर चढली, मी म्हनलं उठून हिकडं या. बसून सरका म्हणाय पायजे हुतं. जाकिट पन तो घालीत हुता, म्याच परत अडकवाय लावलं."

व्याह्यांचा हात ताटातच राहिला. शेजाऱ्याला घरी काहीतरी काम आठवलं आणि तो गेला. जावई हळूच म्हणाला, "मामा, कशाला आता?"

"तुमाला म्हाईत हुतं," मुलगी त्याला म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली.

"पडलो तर मीच ना."

"मग इतकी वर्सं गप का बसला?"

"तुला तेव्हा पाचवा होता. तुझ्या वडलांचं नाव घेऊन काय करणार होतो? आणि मग आमच्या आबांनीच सगळ्या यार्डात सांगितलं. मग काय बोलायचं."

ती माझ्याकडं वळली. मला वाटलं रडेल किंवा ओरडेल. "दोघांनी मिळून मला येडी केली," ती म्हणाली. "पुरात मी पोर परक्या मानसाकडं दिली. आन तुमाला फोन करून सांगितलं, तवा तुमी बरं केलंस म्हणला." भांडं खाली ठेवून ती आत गेली. आतनं बराच वेळ भांड्यांचाच आवाज येत होता. शेवटी व्याही एवढंच म्हणाले, "आवं, मंग मी इतकी वर्सं काय सांगत हुतो?"

जाकिटाच्या पट्ट्यात आधी माझा हात गेला, हे मी तेव्हाही बोललो नाही. तेवढं इथं लिहिलंय. मुलगी हे वाचेल, जावई वाचेल.

ऊन उतरायच्या आधी सगळे धक्क्यावर गेलो. पाणी खाली गेलेलं, चिंचेचा शेंडा उघडा, त्यावर एक बगळा. कॅन कधीच फुटून गेलाय, त्याच्या जागी कुणीतरी लाल फडकं बांधलंय. नात पाण्याच्या कडेला उभी राहून आईकडं बघत होती. परवानगी कुणाकडं मागायची हे तिला नीट माहीत आहे.

मुलीनं मला विचारलं, "त्या खोलीत जाकिटं हायती का अजून?"

होती. बोटीबरोबर मी ती विकली नव्हती, का ते माहीत नाही. त्यातलं बरंसं एक झटकून मी आणलं. तिनं ते माझ्या हातनं घेतलं आणि नवऱ्याकडं दिलं.

"गुडघ्याएवढ्या पाण्यात," ती म्हणाली. "म्होरं न्हाई."

"बरं," तो म्हणाला.

त्यानं ते नातीच्या नव्या झग्यावर चढवलं. फार मोठं होत होतं. पट्टे पाठीमागनं फिरवून दोनदा बांधले आणि प्रत्येक गाठ ओढून बघितली. "वास येतोय," नात म्हणाली. "येऊ दे," तो म्हणाला. मी सवयीनं पुढं झालो, तळ कुठं निसरडा आहे ते मला ठाऊक होतं म्हणून.

"तुमी बसा, आण्णा," मुलगी म्हणाली.

मी पायरीवर बसलो. ती उभीच राहिली, हाताची घडी घालून. तो कठडा नसलेल्या उतारावरनं, मोडलेला पाय जपत, पोरीचा हात धरून पाण्यात उतरला.